फळ्यावरची माझी ओळ

सुगी आली की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कडब्याची पानं दिसायला लागतात. कुणी आणून टाकत नाही. वाशीच्या रस्त्यानं कडब्याचे ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कडबा इतका बाहेर आलेला असतो, की समोरून येणारी एसटी रस्त्याच्या खाली उतरून उभी राहते. त्यातली सुटी पानं वाऱ्यावर उडतात आणि कुंपणावरून आत येतात. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पडलेले धांडे वेचून आणतात, वरची साल दातानं सोलतात, आतला पांढरा मऊ गर मोडतात आणि सालीच्याच काड्या टोचून त्याची बैलगाडी करतात. कुणी चष्मा करतं आणि तो घालून वर्गात बसतं. मी बघून न बघितल्यासारखं करतो.

या दिवसांचा वासच वेगळा. सकाळी हरभऱ्यावर आंब असते, खारट-आंबट दव. पोरं शाळेला येताना वाटेतल्या रानातून हात फिरवून येतात आणि बोटं चोखत प्रार्थनेला उभी राहतात. करडई वाळून काटेरी झालेली असते, तिच्यातून आलेल्या पोरांच्या पोटऱ्यांवर बारीक पांढरे ओरखडे असतात. दुपारी ऊन जरा चटका देतं. वर्गात चाळीसातली बावीसच पोरं असतात, कारण बाकीची ज्वारी उपटायला नाहीतर धाकटं भावंड धरून बांधावर बसायला गेलेली असतात. हजेरीच्या वहीत त्यांच्यापुढं काय लिहायचं, हे सत्तावीस वर्षांत मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

मला सुगी आवडते, असं मी लोकांना सांगत आलो. पण गेली पंधरा वर्षं सुगी आली की माझ्या मनात काहीतरी आकसतं. का, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

यंदा आमच्या शाळेत शेळके मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडं. पहिल्याच महिन्यात त्यांनी वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि घरून कपड्यांचे चिमटे आणले. पोरांनी काहीही लिहावं, काढावं आणि लटकवावं. शेळीचं चित्र, आजीनं घातलेलं कोडं, ‘माझा दात पडला’ एवढंच लिहिलेला कागद आणि त्याला चिकटवलेला खरा दात. दोरी वाकून गेली. एकमेकांचं वाचायला पोरं सुट्टीतही वर्गातच थांबायला लागली. आता चौथीची पोरंही खिडकीतून माना घालतात.

मॅडम एके दिवशी मला म्हणाल्या, “सर, एक विचारू? कागदाखाली मुलांनी नाव लिहावं की न लिहावं? तुम्ही एवढी वर्षं शिकवताय. तुम्ही कधी असलं काही केलं होतं का?”

मी म्हणालो, “नाही. आमच्या वेळेला असलं काही नव्हतं.”

त्या बरं म्हणून गेल्या. मी खुर्चीत बसून राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी एक खोटं बोललो होतो, त्याला आज मी धाकटा भाऊ आणला, असं वाटलं. त्या दिवशी ठरवलं, की आता लिहायचं. मॅडम हे वाचतील. वाचूदेत.

तेव्हा मी ढोकीच्या पुढच्या एका गावात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलं नाही. दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. शाळा दोन्हींच्या मधे. मी खालच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो, घरची मंडळी कळंबला. चौथीचा वर्ग माझ्याकडं होता.

परिपाठ म्हणजे काय, ते शाळेत गेलेल्या सगळ्यांना माहीत असतं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि मग एकेका पोरानं पुढं येऊन सुविचार सांगायचा. सुविचार कॅलेंडरच्या मागून येत. पोरं ते एका दमात म्हणून टाकत, म्हणजे गिळलेलं औषध जिभेला लागू नये तसं. एका सकाळी एकाच वर्गातल्या चौघांनी ओळीनं ‘वेळेचं महत्त्व ओळखा’ हा एकच सुविचार सांगितला आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पप्पू नावाचा एक वांड पोरगा होता, तोच म्हणाला, “सर, आज वेळेला लईच महत्त्व आलंय.”

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, उद्यापासून सुविचार बंद. प्रत्येकानं एक बातमी आणायची. गावातली, घरातली, रानातली. दोन नियम. बातमी स्वतः पाहिलेली पाहिजे, आणि खाली ज्याची त्यानं सही करायची. व्हरांड्यात रस्त्याकडं तोंड करून एक जुना फळा होता, तो काजळी आणि वाटलेला पाला लावून आम्ही काळा केला.

पहिले दोन दिवस कुणाकडंच बातमी नव्हती. “सर, आमच्याकडं कायबी झालं न्हाय.” तिसऱ्या दिवशी सारिका पुढं आली. बारीक चणीची, तेल लावून घट्ट दोन वेण्या, बोलताना फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळणारी. तिनं लिहिलं : आमची म्हैस व्याली. पण तिला अजून रेडकू आपलं आहे हे कळलं नाही. – सारिका.

मी ते वाचलं आणि खरंच सांगतो, परत पहिल्यापासून वाचलं. एवढी वर्षं मी फळ्यावर ‘माझी आई’ हा निबंध उतरवून देत होतो.

मग बांध फुटल्यासारखं झालं. पप्पूची बातमी : काल आमच्या घरी भांडण झालं नाही. पारावर पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांतलं आज कोणीही हरलं नाही, कारण पत्ते वाऱ्यानं नेले. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कुणाच्या रानात आंबील किती आंबट निघाली, याच्या तर सलग पाच बातम्या होत्या आणि त्यांच्यावरून वाद झाला. वाद मिटवायला पोरं दोघंदोघं जाऊन घरोघरी विचारून आली. बातमीशेजारी चित्रं यायला लागली. विटेच्या तुकड्यानं तांबडा, हळदीनं पिवळा, लिंबाच्या पाल्यानं हिरवा. ज्याला लिहायला जमायचं नाही तो सांगायचा आणि दुसरा लिहायचा, पण नाव सांगणाऱ्याचं. हा नियम पोरांनीच काढला, मी नाही.

आणि गाव थांबायला लागलं. हापशावरून पाणी आणणाऱ्या बाया कळशी कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या पोरांना म्हणायच्या, “वाच की गं, काय आलंय आज?” एक म्हातारी रोज यायची आणि रोज विचारायची, “माझं आलंय का काय?” शेवटी पोरांनी तिची बातमी केली : आज गंगूआजी शाळेपाशी आली. ती ऐकून म्हातारी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की दोघींनी धरून तिला पायरीवर बसवलं.

वरच्या गल्लीची पोरं आणि खालच्या गल्लीची पोरं आधी डबा वेगवेगळ्या कोपऱ्यांत खायची. फळ्यापायी ती मिसळली. ते मी घडवून आणलं नाही. बातमीची खात्री करायला एकमेकांच्या दारात जायला लागलं, एवढंच.

सुगीत वर्ग ओस पडला, तेव्हा मी एक दिवस उरलेली पोरं घेऊन रानातच गेलो. सारिकाचे वडील अंगदराव गावातल्या नानांच्या शेतावर सालगडी होते. नाना म्हणजे गावातलं वजनदार माणूस आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्या रानात आम्ही परिपाठ केला. उपटलेली ज्वारी ओळीनं आडवी पडलेली, त्यात पोरं उभी, आणि प्रतिज्ञा म्हणताना मधेच कुणाच्या तरी पायाखाली धांडा कटकन मोडतोय. अंगदरावांनी बांधाशी आगटी पेटवून हुरडा भाजला. कणीस तळव्यावर चोळलं, फुंकर मारून फोलपाट उडवलं आणि गरम हिरवे दाणे पहिल्यांदा माझ्या हातावर ठेवले. “आधी मास्तर,” म्हणाले. पोरगी बापाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती. आपल्या माणसांची आपापसांत ओळख करून दिल्यावर लेकरं बघतात तसं.

हे सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. पुढचं सांगायचं टाळत होतो, हेही त्यात आलंच.

त्या सुगीत पाणी कमी झालं. खालच्या गल्लीत नळ येईना. माझ्या खोलीतली घागर तीन दिवस पालथी होती. सकाळी मी अंघोळीविना शाळेत जायचो. वाटेत वरच्या गल्लीच्या तोंडाशी नानांच्या दारातला हौद भरून वाहत असायचा आणि ते पाणी गटारीत जायचं. मी रोज तिथून जायचो, नाना रोज ओट्यावर बसलेले असायचे आणि मी रोज म्हणायचो, “नमस्कार नाना.” तेही म्हणायचे, “या मास्तर, चहा घ्या.” मला बोलायचं होतं ते चहात विरघळून जायचं.

त्या दिवशी सारिकानं बातमी आणली : आमच्या गल्लीत तीन दिवस नळ आला नाही. आई हापशावर जाते. – सारिका.

तिनं लिहून खडू खाली ठेवला. मी तो उचलला. तिच्या नावाच्या वर थोडी जागा होती, तिथं मी लिहिलं : वरच्या गल्लीत मात्र नानांच्या दारातला हौद भरून वाहतो.

पोरं हसली. सगळ्यांनी तो हौद पाहिलेला होता. सारिका हसली नाही. फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, “सर, हे म्या न्हाय सांगितलं.”

“खरं हाय का न्हाय?”

“खरं हाय.”

“मग?”

मास्तरानं ‘मग’ म्हटल्यावर नऊ वर्षांची पोरगी काय बोलणार?

मला त्या वेळी आपण काही वाईट करतोय असं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझी घागर रिकामी होती, राग माझा होता, धाडस नव्हतं. सही तिची होती.

दुपारी खिचडीच्या वेळेला नाना आले. समितीचे अध्यक्ष म्हणून खिचडीची चव बघायला ते अधूनमधून यायचे. फळ्यापुढं थांबले. सावकाश, ओठ हलवत सगळं वाचलं. मग हसले.

“लई भारी बातम्या देतात की तुमची पोरं. ही सारिका कुणाची?”

खिचडी वाढणारी बाई पळी तशीच धरून थांबली. चौथीची सगळी पोरं ताटं घेऊन भिंतीला टेकून बसलेली. सगळ्यांनी मला ती ओळ लिहिताना पाहिलेलं.

मी म्हणालो, “मुलांचा उपक्रम आहे, नाना. ज्याचं त्यानं आणायचं. मी फक्त खडू देतो.”

“अंगदची न्हवं ती?”

“हो.”

“बरं,” नाना म्हणाले. खिचडी बघितली, मीठ बरोबर आहे म्हणाले आणि गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. चढवला असता तर कदाचित माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं, अशी मी पुढं पुष्कळ वर्षं समजूत घालून घेतली. निघालं नसतं.

एकही पोर बोललं नाही. पप्पूसुद्धा. त्यांनी ताटात बघून खायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी अंगदराव आले. एका हातात सारिकाचा हात. आधी तिला नानांच्या ओट्यावर नेऊन पाया पडायला लावलं होतं आणि तिथून ते सरळ शाळेत आले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फळा पुसला. ओळ न् ओळ पुसली. म्हशीचं चित्र होतं कोपऱ्यात कुणीतरी काढलेलं, तेही गेलं. मग माझ्यापुढं आले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्याच वयाचा माणूस.

“चूक झाली, मास्तर. लेकरू हाय. तुमच्या नावाला बट्टा लावला तिनं.”

मी म्हणालो, “असू द्या, असू द्या. लहान आहे.”

हेच मला सांगायचं होतं. खोटं बोललो, ती भीती होती असं म्हणता येईल. पण नंतर मी त्या माणसाला क्षमा केली. ते कशात बसवायचं, मला अजून कळलेलं नाही.

त्या सकाळच्या परिपाठात मी विचारलं, “बातमी कोण सांगणार?” सदतीस पोरं उभी होती. वारा होता, झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजत होती. पप्पू म्हणाला, “सर, गावात कायबी झालं न्हाय.” दुसऱ्या दिवशीही गावात काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी कॅलेंडर घेऊन आलो.

वर्षअखेरीला उपक्रमाचा अहवाल द्यायचा होता. मी लिहिलं, ‘सदर उपक्रम विद्यार्थ्यांनी उत्साहाने राबविला.’ जोडीला म्हशीच्या बातमीचा फोटो जोडला. केंद्रप्रमुखांनी चारचौघांत कौतुक केलं. मी मान खाली घालून ते घेतलं, आणि लोकांना ती नम्रता वाटली. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली.

मॅडमना ‘नाही’ म्हटल्यानंतरच्या रविवारी मी मोटारसायकल काढली. येरमाळा मागं टाकून ढोकीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ज्वारी पडलेली, मधेच उसाचे ट्रॅक्टर गाण्यासकट येत होते. फाट्यावर पंक्चरचं दुकान दिसलं. आत ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलेला माणूस उठला आणि ओला हात पुढं करायचा की पायाला लावायचा या गोंधळात पडला. पप्पू. आता दाढी, पोट, सगळं.

“सर! ओ सर! लई वाळलाव की तुमी. घरच्या मॅडम जेवाया घालत न्हाईत का?”

“तू माझ्या वाटचं खातोस वाटतं.”

“धंदाच बसायचा हाय,” तो पोटावर हात फिरवत म्हणाला. चहा मागवला. मी चौकशी केली. नाना चार वर्षांपूर्वी गेले, अंगदरावांनी सालगड्याचं काम सोडून दोन एकर स्वतःचं केलंय, हे त्यानं सांगितलं. सारिकाला बार्शीकडं दिलंय, बारावीपर्यंत शिकली, आता सुगीला माहेरी आलीय, रानातच असेल.

मी निघताना तो हसायचं थांबला. “सारिकाकडं निघालाव का?”

“हो.”

“बरं हाय,” म्हणाला आणि परत ट्यूब पाण्यात घातली.

अंगदरावांचं रान ओढ्याला लागून. चार-पाच बाया ओळीनं बसून कणसं कापत होत्या. बाभळीला झोळी बांधलेली आणि तिच्यात मूल निजलेलं. सारिकाला मी ओळखलं ते बसण्यावरून नाही, वेण्यांवरून तर नाहीच, तिनं मान वर केली तेव्हाच्या बघण्यावरून. ती उठली, तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला, कळशीतून तांब्याभर पाणी दिलं. बाकीच्या बाया जरा लांब सरकल्या.

“बसा सर. हितं सावलीला बसा.”

मी बसलो. वाटभर जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, “सारिका, फळ्यावरची ती ओळ माझी होती. हौदाची.”

तिनं विळा घेतला, दोन कणसं कापून ढिगावर टाकली.

“मला ठावं हाय की सर. मी तिथंच उभी होते.”

झोळीतलं मूल हललं. तिनं पायानं झोळीला झोका दिला.

“मला काय सांगताय?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मी त्याच दिवशी घरी सांगितलं होतं. सरांनी लिहिलं म्हणून. आबांचा विश्वास बसला न्हाय. मास्तर कशाला लिहितील, म्हणाले. नानांकडनं येताना वाटंत म्हणाले, चुकलीस ती चुकलीस, पर मास्तरावर घातलंस ते वाईट केलंस.”

“मग?”

“मग काय? तेव्हापासून तसंच हाय. मी काय सांगितलं की आबा दुसऱ्याला इचारून खात्री करतात. हसत करतात, पर करतात. लग्नातबी केलं. मी म्हणलं, त्या पयल्या स्थळाचा पोरगा पितो, माझ्या मैत्रिणीनं बघितलंय. तर म्हणाले, हिचं काय खरं, ही मास्तरावर घालणारी. चौघांना इचारून आले. खरं निघालं, म्हणून वाचले.” ती जरा हसली. “माझी आई अजून गमतीनं म्हणती तसं. मास्तरावर घालणारी.”

मी ज्या गोष्टीचं ओझं पंधरा वर्षं वाहत होतो, ती माझ्या मनात एका दुपारची होती. तिची रोजची होती. मला याची कल्पनाही नव्हती. मी स्वतःच्या अपराधाचीसुद्धा नीट चौकशी केली नव्हती.

“आणि तुम्ही,” ती विळ्याकडं बघत म्हणाली, “त्यानंतर मला कधी पुढं बोलावलंच न्हाय. वही तपासताना माझ्याकडं बघायचा न्हाईत. मला वाटायचं, लई मोठी चूक झाली असंल माझी.”

तेही खरं होतं. तिच्याकडं बघवत नव्हतं म्हणून मी बघत नव्हतो. वर्गातल्या बाकीच्यांची नावं घेत गेलो, तिचं टाळत गेलो, आणि पोरीनं ते स्वतःच्या नावावर मांडलं.

“सारिका, मी...”

“मला न्हाय,” ती म्हणाली. “ते बघा, तिकडं आबा पेंढ्या बांधायलेत. त्यांना सांगा.”

मी उठलो. ज्वारी उपटलेल्या भुसभुशीत रानात चालताना बूट आत जात होते. अंगदरावांनी मला लांबूनच ओळखलं. गुडघ्याखाली दाबलेली पेंढी तशीच सोडून आले, टॉवेलाला हात पुसले. केस पांढरे झाले होते. “मास्तर! लई दिसानं. बसा, बसा. ए, च्या ठेवा गं कुणीतरी.” आणि सवयीनं वाकायला लागले.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “वाकू नका. आधी ऐका. शाळेच्या फळ्यावर नानांच्या हौदाचं लिहिलं होतं, ते मी लिहिलं होतं. सारिकानं नाही. तिनं तुम्हाला खरं सांगितलं होतं.”

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागतंय की काय.

“तुमी?” ते म्हणाले.

“मी.”

“आन म्या पोरीला नानाच्या दारात नेली.”

“हो.”

“तुमच्या पाया पडलो म्या.”

“हो.”

“तवा तुमी म्हणलाव, असू द्या.”

“हो. म्हणालो.”

त्यांनी माझ्या हातातून आपले हात काढून घेतले. झटकले नाहीत, नुसते काढून घेतले. शिवी दिली असती तर मी घेतली असती, तेवढीच तयारी करून आलो होतो. ते वळले आणि बायांच्या दिशेनं चालायला लागले. मी मागं गेलो, पण चार पावलं राखून. चहा ठेवू का विचारायला एक बाई उठली होती, ती त्यांचा चेहरा बघून परत खाली बसली.

सारिकापुढं जाऊन ते उकिडवे बसले. तिच्या ढिगातलं एक कणीस उचललं, उगीच फिरवलं, परत ठेवलं. झोळीचा झोका थांबत आला.

“सारे,” ते म्हणाले, “तवा तू मला काय सांगत व्हतीस?”

“जाऊ द्या आबा. झालं ते.”

“न्हाय. तवा म्या ऐकलं न्हाय. आता सांग. पयल्यापासनं सांग.”

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. विळा बाजूला ठेवला, हातावरची धूळ झटकली आणि सांगायला सुरुवात केली. अंगदराव मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदाही त्यांनी मान वळवून मला विचारलं नाही, खरं का म्हणून.